शेजारच्या खुर्चीतली कंडक्टरबाई

काचेपलीकडे माझा नवरा हसला, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

ज्या माणसाच्या फुप्फुसात कर्करोग आहे, ज्याच्या मनगटात सुई आहे आणि सुईतून थेंबाथेंबानं औषध चाललं आहे, तो हसतो म्हटल्यावर बायकोला खरं तर आनंद व्हायला हवा. मला झाला नाही. खोटं कशाला बोलू? ते हसणं माझ्यासाठी नव्हतं. शेजारच्या खुर्चीत एक बाई बसली होती, तिच्याकडे बघून हे हसत होते, आणि तेही नुसते ओठांनी नाही, चांगले खांदे हलवून. आमच्या लग्नाला सदतीस वर्षं झाली. खांदे हलवून हसताना मी यांना किती वेळा पाहिलं, ते मोजायला एक हात पुष्कळ झाला.

यांना सगळे मास्तर म्हणतात. शाळेतले नव्हेत, शिवणकामातले. आमचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मधोमध कापड बेतायचं टेबल, खिडकीशी दोन मशिनी, भिंतीला माणसाच्या उंचीचा आरसा आणि आरशाशेजारी एक उंच स्टूल. त्या स्टुलावर मी. मास्तर गिऱ्हाइकाचं माप घेतात आणि मी वहीत लिहिते. "छाती चाळीस. पोट अडतीस. खांदा साडेअठरा, उजवा जरा उतरता." दिवसभरात हा माणूस माझ्याशी बोलतो ते एवढंच, दुसऱ्यांच्या अंगाचे आकडे. त्याशिवाय 'हं', 'असू दे' आणि 'बघू'. या तीन शब्दांवर आमचा संसार झाला, एक मुलगी वाढली, शिकली आणि दुसऱ्या गावी नोकरीलाही लागली.

आमची ओळख झाली कपड्यांच्या कारखान्यात. मी कॉलरच्या टेबलावर होते, हे कापड कापणाऱ्यांत. चार महिने हे नुसते बघायचे. बरोबरच्या मुली मला चिडवून बेजार करायच्या. शेवटी एक दिवस हे माझ्या टेबलापाशी आले, घसा खाकरला आणि म्हणाले, "तुमच्या कॉलरी सरळ बसतात." मला वाटलं, पुढे काहीतरी येईल. पुढे आली ती यांची मोठी बहीण, लग्नाचं विचारायला.

पण हातात कात्री आली की या माणसाला तोड नाही, हे मी रागात असले तरी मान्य करीन. बसमध्ये पुढे उभ्या असलेल्या माणसाची नुसती पाठ बघून घरी आल्यावर सांगतील, "त्या निळ्या कोटवाल्यानं भावाचा कोट घातला होता." एकदा पाठीला बाक आलेले एक आजोबा आले. त्यांना असा कोट बेतून दिला की आजोबा आरशासमोरून हलेनात. बाक कुठे गेला, तेच त्यांना कळेना. डोळे पुसत त्यांनी यांचे हात हातात घेतले. तर हे काय म्हणाले? "कापड चांगलं होतं."

खोकला सुरू झाला तेव्हा आम्ही खडूच्या धुळीला दोष दिला. मग कापडाच्या तंतूंना दिला. मग हे जिन्यात मध्येच थांबायला लागले, तेव्हा वयाला दिला. एक दिवस गिऱ्हाइकाभोवती टेप धरून "छाती" म्हणाले आणि पुढचा आकडा सांगायला यांना श्वास पुरला नाही. मी वहीवर पेन टेकवून वाट बघत राहिले. त्याच आठवड्यात आम्ही डॉक्टरकडे गेलो. फिल्म झाल्या, सुईनं तुकडा काढून तपासायला गेला आणि पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी आम्हाला दोघांना समोर बसवून नाव सांगितलं.

त्यानंतर जो भेटेल त्याचा एकच प्रश्न. "ओढायचे का हो?" शेजारीपाजारी, जुनी गिऱ्हाइकं, माझा सख्खा भाऊसुद्धा. आधी प्रश्न, मग हळहळ. अहो, या माणसानं आयुष्यात एक सिगारेट ओठांना लावलेली नाही! आणि आमच्या समोरच छत्री दुरुस्त करणारा बसतो, तो म्हणजे चालतंबोलतं धुराडं. सकाळी पायरीवर बसून एकीवर दुसरी पेटवतो. सत्तरी उलटली तरी टुणटुणीत. साधा खोकतही नाही मेला. त्याला बघितलं की माझ्या पोटात आग पडायची. याची फुप्फुसं धडधाकट आणि आमची कुजली, हा कुठला न्याय?

आणि त्यानंच एकदा यांना विचारलं, "मास्तर, तुम्ही ओढायचात का?"

"हो," हे म्हणाले. "तरुणपणी. पुष्कळ."

माझा आ वासलेला तसाच राहिला. छत्रीवाला मान डोलवत परत गेला. मी यांना आत ओढलं आणि विचारलं, की हे खोटं कशासाठी? सगळ्या गल्लीत बदनामी करून घ्यायची हौस आली आहे का? हे म्हणाले, "असू दे." पुढे मी बघितलं, जो विचारेल त्याला हे तेच सांगत होते. माझं डोकं फिरायचं, पण यांच्या तोंडातून कारण काही निघायचं नाही.

अशा माणसाला दर तिसऱ्या गुरुवारी केमोसाठी न्यायचं. वॉर्डात नऊ खुर्च्या, मागे कलणाऱ्या. नातेवाइकांना आत जागा नाही. आम्ही बाहेर बाकावर, मधे मोठी काच. दिसतं सगळं, ऐकू काही येत नाही. यांची चौथी खुर्ची. पाचवीत ती.

ती म्हणजे कंडक्टरबाई. हे मला नर्सकडून कळलं. सव्वीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडून निवृत्त झालेली, अंगानं थोराड, डोक्यावरचे केस औषधानं गेलेले, आणि ते झाकायचीही तिला गरज वाटत नव्हती. रोग यांचाच, फुप्फुस फक्त दुसऱ्या बाजूचं. एकटी यायची, बसनं. खुर्चीत बसली की हातवारे करून बोलायला लागायची, आणि आमचे मास्तर, ज्यांच्याकडून 'हं' काढायला मला तीन वेळा विचारावं लागतं, ते मान वळवून वळवून तिला उत्तरं द्यायचे. लांबलचक. मी ओठ बघून मोजायचे, दहा-दहा, बारा-बारा वाक्यं. कानामागून आली आणि तिखट झाली, दुसरं काय?

बसनं घरी जाताना मी विचारायचे, "काय बोलत होतात एवढं?"

"काही नाही. असंच."

असंच! मला आकडे आणि तिला 'असंच'. मी डब्यात मऊ, गिळायला सोपं असं काही करून द्यायचे, तर हे त्यातलं अर्धं झाकणात काढून तिच्यापुढे ठेवायचे. मी चांगले कपडे घालून जायला लागले. केस नीट बसवायला लागले. एकदा तर, सांगायला लाज वाटते, ओठांना रंग लावून गेले. घरी परतताना हे म्हणाले, "तुझे ओठ फुटलेत का? मलम लाव."

एका गुरुवारी पाचवी खुर्ची रिकामी होती. मला बरं वाटलं. काय झालं असेल, कुठे असेल, असलं काही मनात आलंच नाही. फक्त बरं वाटलं. मग काचेतून नीट बघितलं तर त्या रिकाम्या खुर्चीवर यांची माप घ्यायची टेप ठेवलेली. बसमध्ये लोक रुमाल टाकून जागा धरतात ना, तशी यांनी तिच्यासाठी जागा धरली होती. अर्ध्या तासानं ती धापा टाकत आली. यांनी टेप उचलली, दोघं हसली, आणि मी बाकावरून उठून पाणी प्यायला गेले.

मी इकडे यांच्यासाठी काय करत होते, ते तिला काय माहीत, असं मला वाटायचं. हे झपाट्यानं वाळत चालले होते. मास्तरांच्या डोळ्यांना दुसऱ्याच्या कोटातली पाव इंचाची चूक दिसते, त्यांना आरशात आपला लोंबणारा शर्ट दिसला तर काय होईल? म्हणून मी एक युक्ती केली. शनिवारी दुपारी औषधाच्या गुंगीत हे मागच्या खोलीत झोपले, की मी यांचे पाचही शर्ट घेऊन बसायचे. बगलेपासून खालपर्यंत शिवण उसवायची आणि दोन्ही बाजूंनी अगदी जराशी आत घेऊन पुन्हा शिवायची. मशिनीचा आवाज होईल म्हणून सगळं हातटाक्यानं. शर्ट अंगावर बसलेला दिसला की माणसाला वाटतं, आपण आहोत तसेच आहोत. शिवणीच्या आत कुठे कुठे खडूच्या बारीक रेघा असायच्या, अगदी सरळ. त्या धरून टाका घातला की काम सोपं जायचं. हे काम माझ्यापुरतं होतं. सोमवारी हे शर्ट घालून आरशासमोर उभे राहायचे, बटणं लावायचे आणि काही बोलायचे नाहीत, आणि मला वाटायचं, चला, फसले.

पाच महिन्यांनी पुन्हा फिल्म काढल्या. डॉक्टर म्हणाले, औषध आता लागू पडत नाही. दुसरं एक आहे, जास्त कडक. त्यानं चारेक महिने मिळतील, मिळणारही नाहीत, पण त्रास बराच होईल. घ्यायचं की थांबायचं, ते मास्तरांनी ठरवून पुढच्या गुरुवारी सांगावं. त्याच दिवशी छातीत साठलेलं पाणीही काढायचं होतं.

मास्तर म्हणाले, "बघू."

तो आठवडा कसा काढला, माझं मला माहीत. घ्यायलाच हवं, असं मला वाटत होतं. यात ठरवायचं काय, हेच मला कळत नव्हतं. पण त्याहून मोठं एक होतं. यांचं उत्तर काहीही असो, ते मला आधी कळायला हवं होतं. मी बायको आहे. ते मला त्या बाईच्या नंतर, डॉक्टरांच्या खोलीत, चारचौघांत कळलं, तर मी ते यांना जन्मभर माफ केलं नसतं. जन्म कुणाचा किती उरलाय, हा विचार तेव्हा सुचला नाही. मी जेवताना विचारलं, बटणं लावताना विचारलं, लेकीला फोनवरून विचारायला लावलं. "बघू." मूग गिळून बसावं तर यांनीच. आणि मी मनात म्हणत होते, गुरुवारी पाचव्या खुर्चीपाशी बरोबर तोंड उघडेल.

गुरुवारी यांना पाणी काढायला आतल्या खोलीत नेलं. चौथी खुर्ची रिकामी. पाचवीत ती बसलेली, पण तिचं औषध सुरू होत नव्हतं. थोड्या वेळानं नर्स माझ्याकडे आली.

"मावशी, एक काम कराल? त्या बाई गेल्या वेळी घरी जाताना बसस्टॉपवर चक्कर येऊन पडल्या. आता डॉक्टर म्हणतात, सोबत कुणी असल्याशिवाय औषध द्यायचं नाही. त्यांचं इथे कुणी नाही. तुम्ही सही कराल का? बस येईपर्यंत बरोबर थांबायचं, एवढंच."

म्हणजे बघा. जिचं तोंड बघायची इच्छा नाही, तिची जबाबदारी माझ्याच गळ्यात. पण नाही कुठल्या तोंडानं म्हणणार? मी टेबलापाशी गेले. नर्सनं फॉर्म पुढे ओढला, माझं नाव, पत्ता लिहिला आणि मान वर न करता विचारलं, "पेशंटशी नातं?"

"सवत," मी म्हणाले.

कसं निघालं तोंडातून, देव जाणे. पाच महिने आत तेच घोकत होते, ते बाहेर पडलं. नर्सचं पेन थांबलं. दार उघडं होतं, तिनं ऐकलंच असणार, कारण पाठीमागून असा काही आवाज आला की मला वाटलं बाई गेली. ती हसत होती. हसता हसता खोकत होती, खोकता खोकता पुन्हा हसत होती, डोळ्यांतून पाणी गळत होतं. नर्स धावली. शेवटी तिनं हातानंच खूण केली, की लिहा, तेच लिहा.

नर्सनं 'परिचित' लिहिलं. सही करणाऱ्याला आत बसता येतं, म्हणून मी यांच्या चौथ्या खुर्चीत जाऊन बसले. कान तापले होते. तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते, चांगला घोगरा होता.

"तुम्ही माझ्यावर जळता, हे मला पहिल्याच दिवशी कळलं," ती म्हणाली. "सव्वीस वर्षं गर्दीतली तोंडं वाचलीत मी. तिकीट न काढता कोण बसलंय, ते मला पाठमोरं कळतं."

"कळत होतं तर जरा गप्प बसायचं होतं," मी म्हणाले.

"कशाला? उभ्या जन्मात माझ्यावर कुणी जळलं नव्हतं. छान वाटायचं मला. गुरुवारची वाट बघायचे."

मी सरळच विचारलं. "एवढं काय बोलतात हो ते तुमच्याशी?"

"तुमच्याबद्दल बोलतात. दुसरा विषय आहे कुठे त्यांना? तुम्ही कशा बसता, कशा चिडता, कॉलर कशी लावता. मध्ये एकदा त्यांना हसू आवरत नव्हतं, आठवतं? तुम्ही काचेतून असं बघत होतात की माझं औषधच तापेल. तेव्हा ते मला शर्टाचं सांगत होते."

"कुठल्या शर्टाचं?"

"तुम्ही शनिवारी चोरून शर्ट आत घेता ते. म्हणाले, बायको माझी हुशार, पण हातटाक्याला तिची रेघ वाकडी जाते. मशिनीवर सरळ, हातानं वाकडी. म्हणून शुक्रवारी ती आंघोळीला गेली की मी आतून खडूनं आखून ठेवतो. किती आत घ्यायचं, तेही मीच बघतो."

खडू. अहो, शर्ट दर आठवड्याला धुतले जात होते! धुतलेल्या कापडावर खडू राहत नाही, हे पहिल्या दिवशी शिकणाऱ्या पोरीलाही कळतं. चाळीस वर्षं कापडात काढलेल्या मला कळलं नाही. दर शनिवारी मी ताज्या रेघांवर टाके घातले आणि मनात म्हटलं, चला, फसले. आपण किती वाळलो, ते हा माणूस दर शुक्रवारी स्वतःच्या हातानं आखत होता, आणि मला कळू नये म्हणून आरशासमोर गप्प उभा राहत होता.

"आणि ते ओढायचो म्हणून सांगतात ते?" मी विचारलं.

"ते तर मलाही आवडलं. म्हणाले, 'नाही' म्हटलं की समोरच्याचं तोंड उतरतं. त्याला वाटतं, न ओढता झाला, म्हणजे मलाही होईल. 'ओढायचो' म्हटलं की त्याचा जीव भांड्यात पडतो. आपलं काय जातंय?"

"मग हे मला का नाही सांगत? मी काय परकी आहे?"

तिनं थोडा श्वास घेतला. तिला बोलायला तेवढं थांबावं लागायचं.

"तुमच्यापुढे ते घाबरले, तर तुम्ही घाबराल. मग तुम्हाला बघायचं की स्वतःला? माझं काय, मी आधीच घाबरलेली. घाबरलेल्यापुढे घाबरायला माणसाला लाज वाटत नाही."

खरं सांगते, तेव्हा मला तिचा जो हेवा वाटला, तो आधी कधी वाटला नव्हता. तिच्या हसण्याचा नव्हे, बोलण्याचाही नव्हे. तिच्या रोगाचा. तो मला झाला असता तर मी पाचव्या खुर्चीत असते आणि माझा नवरा मान वळवून माझ्याशी बोलला असता. माणसाचं मन किती हलक्या थराला जातं, बघा.

शेवटचा प्रश्न मी खाली बघून विचारला. "त्या कडक औषधाचं काय ठरवलंय त्यांनी?"

"ते मी विचारलं होतं. मगाशी, आत नेण्याआधी," ती म्हणाली. "नाही सांगितलं. म्हणाले, ते आधी घरी सांगायचं."

आधी घरी! माझ्या छातीवरून मोठा दगड उतरला. तिच्या खांद्यावर मी हातसुद्धा ठेवला, एवढी मी खूष झाले. यांना चाकाच्या खुर्चीतून बाहेर आणलं, तेव्हा मी यांच्या जागेवर तिच्याशेजारी बसले होते. यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. "असू दे, बस," म्हणाले. डॉक्टरांना यांनी उद्या सांगतो म्हणून सांगितलं. मी तिला बसमध्ये बसवून दिलं आणि खाली उभी राहून हातही हलवला.

घरी आल्यावर यांनी दुकानाचं दार लावलं आणि टेबलाला टेकून उभे राहिले. दुपारचं ऊन टेबलावर आलं होतं. मला म्हणाले, "बस." मी स्टुलावर बसले. नव्या नवरीसारखी सावरून बसले. आता हा माणूस बोलणार, आणि पहिलं माझ्याशी.

"ते औषध मी घेणार नाही," मास्तर म्हणाले.

आणि मी काय केलं? ज्यासाठी पाच महिने जळत होते ते हातात पडलं, आणि मी उसळले. वेड लागलंय का तुम्हाला, म्हणाले. चार महिने तर चार महिने, कोण सोडतं का? लेकीचा विचार केलात? माझा केलात? मी एकटी काय करू या दोन मशिनींचं? मरायची एवढी घाई का झाली आहे? तोंडाला येईल ते बोलत सुटले, स्टुलावरून उठले, पुन्हा बसले.

हे ऐकून घेत होते. माझा दम संपला तेव्हा म्हणाले, "बरं. घेतो."

"घेणार?"

"हो. घेतो की. त्यात काय. बरं वाटेल कदाचित."

मला इतकं हायसं वाटलं की रडूच फुटणार होतं. तेवढ्यात मी यांच्या तोंडाकडे बघितलं. ते तोंड मी ओळखत होते. छत्रीवाल्याला 'हो, तरुणपणी पुष्कळ' म्हणताना अगदी हेच तोंड होतं, सगळ्या सुरकुत्या सारख्या केलेलं, शांत. माझा जीव भांड्यात पाडायचं काम चाललं होतं. मी छत्रीवाल्याच्या रांगेत जाऊन बसले होते, माझ्याच पायांनी. आणि मी आत्ता गप्प राहिले असते, तर हा माणूस खरोखर उद्या जाऊन हात पुढे करून सुई टोचून घेणार होता, माझ्यासाठी, एक शब्द न बोलता.

"नाही," मी म्हणाले. "मला असं नका सांगू. पहिलं बोललात ते पुन्हा बोला. मी मध्ये बोलणार नाही."

"तू रागावतेस."

"रागावू द्या. तुम्ही बोला."

यांनी टेबलावर पडलेला एक कापडाचा तुकडा उचलला आणि बोटांत चुरडला.

"हे मला कळत नाही," म्हणाले. "सुती आहे की लोकरी, ते डोळ्यांनी बघावं लागतं. पहिल्या औषधानं बोटं बधिर झाली. तू शर्टाला घालतेस तो टाका सुरुवातीला मी चाचपून बघायचो, कळायचा. गेल्या महिन्यापासून कळत नाही. नव्या औषधानं उरलंसुरलंही जाईल, असं डॉक्टर म्हणाले. तुझा हात धरला तरी कळायचा नाही. तसले चार महिने घेऊन मी काय करू?"

मी ओठ दाताखाली धरून बसले होते. बोलायचं नाही, असं कबूल केलं होतं.

"आणि मला भीती वाटते," मास्तर म्हणाले. "मरायची नाही एवढी. श्वास मिळणार नाही, त्याची. आज पाणी काढायच्या आधी दोन मिनिटं तसं झालं. मी तुला हाक मारत होतो. तू बाहेर होतीस."

त्यानंतर हे बोलतच राहिले. मध्ये थांबायचे, दम घ्यायचे, पुन्हा बोलायचे. टेबलावरचं ऊन भिंतीवर गेलं. कारखान्यातल्या त्या चार महिन्यांत यांना मला काय सांगायचं होतं आणि जमलं नाही, तेही सांगितलं. लेक झाली त्या दिवशी दुकानात जाऊन एकटेच कसे रडले, तेही सांगितलं. शेवटी माझ्यासमोर रडले. सदतीस वर्षं मी जे मागत होते, ते सगळं एका दुपारी माझ्या पदरात पडत होतं, आणि त्यातला एकेक शब्द मला सुईसारखा लागत होता. यातलं निम्मं त्या बाईनं घेतलं असतं तर फार बरं झालं असतं, असंही एकदा मनात येऊन गेलं.

मग यांनी तोंड पुसलं. आवाज बसला होता.

"गुरुवारी बाईंना भेटून यायला हवं," म्हणाले. "विचारतील त्या. सगळं सांगतो त्यांना."

"औषध घेणार नाही, एवढं सांगा," मी म्हणाले. "बाकीचं नाही."

"का?"

मी स्टुलावरून उतरले आणि यांचे दोन्ही हात धरले. घट्ट धरले, यांना कळेल इतके.

"तुमची भीती माझी," मी म्हणाले. "तिला त्यातलं काही द्यायचं नाही."